भोंग्याची जागा

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात गेली आणि धुमालवाल्यांनी नंदूदादाचं गाणं वाजवलं.

हुडकेश्वरला लग्नसराईत धुमाल काही नवं नाही. एका टेम्पोवर स्पीकरांची चळत, मागे ढोल-ताशे बडवणारी पोरं आणि मधोमध एक जण की-बोर्डवर गाण्याची चाल धरून ठेवतो. नागपुरात धुमाल आल्याशिवाय वरात हलत नाही. धुमालाचा गुण असा, की त्याच्या हाती लागलेलं कुठलंही गाणं नाचायचंच होतं. नंदूदादाचं गाणं खरं तर संथ, प्रेमाचं, एकट्यानं बसून ऐकायचं. त्यावर नवरदेवाचे मित्र रुमाल दातात धरून नाचत होते. त्याला माझी हरकत नव्हती. इतक्या वर्षांनी ते वाजत होतं हेच पुष्कळ.

पण त्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्याआधी एक जागा आहे. तिथे सगळं थांबतं. गाणारा थांबतो, वाद्यं थांबतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की कॅसेट अडकली. मी कुंड्यांना पाणी घालत फाटकाशी उभी होते. ती जागा जवळ आली तसा सवयीनं माझा श्वास थांबला. धुमालवाले थांबले नाहीत. त्यांनी त्या जागेत ताशा कोंबला आणि सरळ पुढे निघून गेले.

मला राग आला. पोरांवर रागावण्यात अर्थ नव्हता, त्यांच्यातला एकही त्या गाण्याच्या वेळी जन्मलेला नसेल. तरी आला.

ती जागा कुठून आली हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ते सगळे कोराडीच्या कॉलनीत वाढलेले आहेत. वीज केंद्रात काम करणाऱ्यांची ती कॉलनी. तळमजल्यावर आमचं क्वार्टर, आमच्या डोक्यावर नंदूदादाचं. खिडकीतून चिमण्या दिसायच्या, धूर कुठल्या दिशेला चालला आहे ते पाहून आई कपडे वाळत घालायचे की नाही ते ठरवायची. राख सगळ्यांवर सारखी पडायची. खिडकीच्या कठड्यावर, तुळशीवर, सायकलच्या सीटवर. कपडे दोरीवरून काढताना एकदा झटकायचे आणि घडी करताना पुन्हा झटकायचे. कुरडया वाळत घातल्या की त्यांच्यावर बाबांचं जुनं धोतर पांघरायचं. राखेला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. ओल्या पाटीला असतो तसा. अजूनही कुणी पाटी पुसली की मला आमचं मागचं अंगण आठवतं.

प्लांटचा आवाज चोवीस तास चालू असे, आणि तो आम्हाला ऐकूच येत नसे. युनिट बंद पडलं की मात्र दुपारी झोपलेल्या बायका दचकून उठायच्या. शांततेनं जाग येणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

आणि भोंगा. पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा व्हायचा. आमच्या वाट्याला शुद्धीत असताना यायचा तो दुपारी दोनचा. तो खालून सुरू व्हायचा, घोगरा, मग चढत चढत वर जायचा, तिथे टिकायचा आणि सावकाश उतरायचा. तेवढा वेळ कुणी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नव्हता. शाळेत बाई खडू फळ्याला टेकवून उभ्या राहायच्या. नळावरची भांडणं तोंडातल्या तोंडात थांबायची. भोंगा संपला की वाक्य जिथे तुटलं असेल तिथून पुढे सुरू. 'काय म्हणत होते मी' असं कुणी विचारत नसे. पाहुणे घाबरून कानांवर हात ठेवायचे आणि आम्ही घास हातात धरून शांत बसलेलो पाहून त्यांना आमचीच भीती वाटायची.

नंदूदादा गायचा तो पंपहाउसच्या ओट्यावर. कॉलनीच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली. दुपारची जेवणं झाली की तो तिथे जाऊन बसायचा. तंबोरा वगैरे काही नव्हतं. आतला पंप एका सुरात घुमत असायचा, त्या सुराला तो आपला सूर लावायचा. आम्ही पोरं निंबोळ्या वेचत असल्याचं ढोंग करत ऐकायचो. मग भोंगा व्हायचा. नंदूदादा अर्ध्या ओळीत थांबायचा, तोंड तसंच अर्धवट उघडं, डोळे चिमणीकडे. भोंगा उतरला की ती ओळ तिथूनच, त्याच सुरात पुढे न्यायचा. सूर कधी सुटला नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. आमच्याकडे सगळेच असं करत.

त्याचे वडील, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, टर्बाइनवर होते. उंच, हाडकुळे, बोलण्याच्या बाबतीत अगदी कंजूष. सायकलच्या दांडीला डबा लटकवून जायचे आणि तसेच यायचे. त्यांच्या वाटचं काकू बोलायच्या. काकूंचा आवाज इतका मोठा, की वरच्या मजल्यावर आज वांगी आहेत की चवळी हे सगळ्या इमारतीला कळायचं. 'डबा घेतला काऽऽ' हे वाक्य मी रोज अंथरुणात ऐकायची. आई म्हणायची, बाई मनानं चांगली आहे पण स्वभाव तापट. काका तिला उलट उत्तर देत नसत. मान हलवायचे नाहीतर तेही नाही.

नंदूदादाचं प्लांटमध्ये अप्रेंटिस म्हणून लागायचं ठरलं होतं. ज्या सकाळी त्याला तिथे जायचं होतं त्या सकाळी तो मुंबईच्या गाडीत होता. मागे-पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मी तेव्हा सातवीत होते आणि मोठ्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आठवतं ते एवढंच, की काकूंचा आवाज त्या दिवशी आला नाही, आणि दुपारी पंपहाउसच्या ओट्यावर कुणाची तरी बकरी बसून होती. काका नेहमीसारखे कामावर गेले. ते नंदूदादाबद्दल बरं बोलले नाहीत, वाईट बोलले नाहीत, काहीच बोलले नाहीत. लोकांनी त्याचा अर्थ राग असा लावला. पुढे नंदूदादानंही तोच लावला.

मग ते गाणं आलं.

त्या काळी सिनेमात नसलेली गाणीही गाजायची. एकट्या गायकाची कॅसेट यायची, वर त्याचा फोटो, वाऱ्यानं उडणारे केस, आणि मागे समुद्र. नंदूदादाच्या कॅसेटवरही समुद्र होता. कंपनीनं त्याला एक नवं, चकचकीत नाव दिलं होतं. कॉलनीत ते नाव कुणी एकदाही उच्चारलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. गाणं हिंदीत होतं. त्यात एक मुलगा एका मुलीला म्हणतो की तू मला उत्तर देऊ नकोस, नुसती जवळ बसून राहा. बाकी दोन कडव्यांत चंद्र, खिडकी वगैरे होतं ते आलंच. पण त्याचा आवाज त्या 'बसून राहा'वर असा काही टेकायचा, की आमच्या शाळेतल्या वरच्या वर्गातल्या पोरींना खात्री पटली की हे गाणं आपल्यासाठीच आहे. अगदी जिवलग मैत्रिणी त्यावरून महिनाभर बोलत नव्हत्या.

दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर गाण्यांची क्रमवारी लागायची. शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत चढत जायचे. ती पाहायला सगळे काकूंकडे जमायचे, आपापल्या घरी टीव्ही असूनही. ज्याचं गाणं त्याच्या घरीच पाहायचं, हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. आमची आत्या तर रामटेककडून बसनं यायची, कारण तिच्या गावाला नेमकी शनिवारी संध्याकाळी लाइट जायची. आमच्याकडे जात नसे. काकू सगळ्यांना चिवडा द्यायच्या, आणि तो चिवडा आणि घामट माणसं आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास त्या खोलीला यायचा. मला तो यशाचा वास वाटायचा. अजूनही वाटतो.

पहिल्या शनिवारी गाणं अगदी तळाशी होतं, तरी पेढे वाटले गेले. मग ते एकेक पायरी चढू लागलं. एका आठवड्यात चक्क खाली घसरलं, तेव्हा घरात सुतक आल्यासारखी शांतता होती आणि आत्यानं टीव्हीवाल्यांचा उद्धार केला. त्यानंतर ते जे चढलं ते थेट वर. ज्या शनिवारी ते पहिलं आलं त्या शनिवारी पोरांनी थाळ्या वाजवत कॉलनीला फेरी घातली, काकूंनी कोराडीच्या देवीला नारळ फोडला, आणि माझे बाबा पाळीवरच्या लोकांना सांगायला सायकलवरून प्लांटच्या गेटपर्यंत गेले. सीताबर्डीच्या दुकानांत कॅसेट मिळेना. नंतर किती तरी शनिवार ते तिथून हललं नाही. आम्हाला तर तो क्रम कायमचाच वाटायला लागला होता.

आणि त्या गाण्यात ती जागा होती. शेवटच्या अंतऱ्याआधी सगळं थांबायचं, आणि काकूंच्या खोलीत बसलेली आम्ही पोरं एका सुरात 'भोंऽऽऽ' करून ती भरून काढायचो. मोठी माणसं हसायची. पेपरात कुणीतरी लिहिलं की या तरुण गायकानं मौनाचा फार सुंदर वापर केला आहे. बाबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, मौन कायचं, दोनचा भोंगा आहे तो.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. गाणं लागायची वेळ झाली की काका आतल्या खोलीतून बाहेर यायचे. कुणाकडे न बघता टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि उजवा तळहात टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचे. खोलीतले सगळे त्या हाताकडे बघायचे. आता हे बटण बंद करतात की काय. त्यांनी ते कधी बंद केलं नाही. पण हात तिथेच असायचा, गाणं संपेपर्यंत. संपलं की हात काढून आत जायचे. आम्ही पोरं भोंगा वाजवायचो तेव्हासुद्धा ते हसत नसत. आम्ही त्यांना आपापसात चौकीदार म्हणायचो.

त्याच दिवसांत टीव्हीवर नंदूदादाची मुलाखत झाली. कॉलनी अक्षरशः त्या खोलीत कोंबली होती. मी लहान म्हणून सगळ्यांत पुढे, टीव्हीच्या पायाशी. काका नेहमीच्या जागी, हात टीव्हीवर. मुलाखत घेणारीनं त्या थांबण्याबद्दल विचारलं तेव्हा नंदूदादानं हसत हसत भोंग्याची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे, रेकॉर्डिंगला मी तिथे सवयीनं थांबलो, संगीतकाराला ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. मग तिनं विचारलं, घरचे काय म्हणतात? नंदूदादाचं हसू जरा कमी झालं. आई खूश आहे, म्हणाला. आणि मग म्हणाला, "बाबा ने अभी तक सुना नहीं है. शायद सुनेंगे भी नहीं."

काकूंनी पदर तोंडात कोंबला. मी वर पाहिलं. काका नंदूदादाच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि हसत होते. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

खाली घरी आल्यावर आई, जी कुणाला वाईट म्हणत नसे, बाबांना म्हणाली, "माणूस आहे का दगड आहे हो तो?" मला वाटलं, दगडच.

दसऱ्याला प्लांटमध्ये यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत नेत. ते गाणं वर होतं त्याच वर्षीच्या दसऱ्याला मीही गेले. टर्बाइनच्या त्या हॉलमध्ये झेंडूच्या माळा, तेलाचा वास, पायाखाली थरथरणारी फरशी, आणि इतका आवाज की आईनं माझ्या कानात ओरडून काहीतरी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिथली माणसं हातवाऱ्यांनी बोलत होती. काकांनी मला बोलावलं, मी घाबरत गेले. त्यांनी माझा हात धरून एका जाड लोखंडी झाकणावर ठेवला. ते कोमट होतं आणि आतून बारीक, एकसारखं थरथरत होतं. मग दोन पावलं पलीकडच्या झाकणावर. तिथली थरथर वेगळी होती, जराशी अडखळती. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की मला कळलं. त्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "मशीन कानानं नसते ऐकाचं, पोरी. हातानं ऐकाचं." माझ्याशी ते इतकं बोलले याचंच मला नवल वाटलं. पुढे मी ते विसरून गेले.

गाणी उतरतात तेव्हा कुणी थाळ्या वाजवत नाही. एका शनिवारी ते दुसरं झालं, मग चौथं, मग यादीतून गेलं. लोक आपापल्या घरी टीव्ही पाहू लागले. नंदूदादाची आणखी एक कॅसेट आली, तिच्यावर डोंगर होते, ती चालली नाही. मग कॅसेटीच गेल्या. तो मुंबईकडेच राहिला, डोंबिवलीला मुलांना गाणं शिकवतो, कुणी बोलावलं तर लग्नसमारंभात गातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तेच एक गाणं म्हणायला लागतं. तो तक्रार करत नाही. एक तरी आहे, म्हणतो.

गेल्या नवरात्रात कोराडीला देवीच्या दर्शनाला गेले तेव्हा वाट वाकडी करून कॉलनीत डोकावले. आमच्या इमारतीला कुलूप आहे. काकूंच्या गॅलरीत पिंपळ उगवला आहे, चांगला हातभर. पंपहाउसचा ओटा जागच्या जागी होता, त्यावर पानं साचली होती. मी पानं बाजूला सारून बसले. पंप बंद होता. दोन वाजून गेले तरी काही वाजलं नाही. तो जुना भोंगा आता नाही म्हणे. रस्त्यावरून एक बाई मुलाला रागावत चालली होती, आणि तिचं वाक्य एका दमात पूर्ण झालं. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या बऱ्याच जणांनी हुडकेश्वरला घरं बांधली. कोराडी शहराच्या त्या टोकाला, हे या टोकाला. आयुष्यभर राख झटकल्यावर माणसं जमेल तितकी लांब आली. मी लग्न होऊन इथेच आले आणि काका-काकू पुन्हा माझे शेजारी झाले, मागच्या गल्लीत. काकू तीनेक वर्षांपूर्वी गेल्या. काकांचे कान आता पूर्ण गेले आहेत. म्हातारपणी जातात तसे गेले, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मशीन लावून घेत नाहीत. समोर उभं राहून सावकाश बोललं की ओठांवरून ओळखतात, नाहीच कळलं तर मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. नंदूदादा अधूनमधून डोंबिवलीहून येतो, औषधं आणतो, पंख्याला तेल घालतो, बापाशेजारी तासभर बसतो आणि जातो. दोघांत बोलणं नाही. तो मला फोन करून विचारतो, बाबा जेवतात का. काका मला विचारतात, तो बरा आहे का. काकूंचं काम माझ्याकडे आलं, फक्त माझा आवाज तेवढा मोठा नाही.

तर परवा, धुमाल पुढे गेल्यावर, मी काकांसाठी पन्हं घेऊन मागच्या गल्लीत गेले. वरात एव्हाना त्यांच्या घरावरून वळत होती. खिडकीच्या काचा अजून खडखडत होत्या. काका खिडकीशी उभे होते आणि त्यांचा उजवा तळहात खिडकीच्या गजांवर सपाट टेकलेला होता. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

"आपल्या नंदूचं गाणं होतं न?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"पण थांबलेच नाही ते. भोंग्याची जागा खाऊन टाकली पोट्ट्यायनं."

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मग सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "काका, तुमाले कसं समजलं?"

हा काय प्रश्न झाला अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात माझ्यासमोर धरला. म्हणाले, "टीवीवर नव्हतो का ठेवत मी? दर शनिवारी? कान तं तवाच गेले होते माये."

त्यानंतर ते बोलत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नंदूदादा घरात होता तेव्हाच सुरुवात झाली होती, म्हणाले. आधी चिमण्यांची चिवचिव गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. डॉक्टरला सांगितलं असतं तर टर्बाइनवरून काढून कुठल्या तरी कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं असतं. म्हणून ते आणि काकू मिळून गप्प राहिले. काकूंचा तो मोठा आवाज, ज्याला आम्ही तापटपणा म्हणत आलो, तो एका माणसापर्यंत पोचावा म्हणून होता.

मी विचारलं, नंदूदादाला तरी काहून नाही सांगितलं?

काका खिडकीबाहेर पाहू लागले. गल्ली आता रिकामी होती, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. "पोट्टा गाणारा," ते म्हणाले. "त्याच्या बापाले ऐकू येत नाही, हे कोण्या तोंडानं सांगू त्याले?"

मला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा ते समजेना. मग मी मोबाइल काढला आणि त्या मुलाखतीत नंदूदादा काय म्हणाला होता ते मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मला म्हणाले की मी तर त्याचा चेहरा पाहून राहिलो होतो, मले वाटलं भोंग्याचंच सांगून राहिला, खूश दिसला. एवढी वर्षं त्या एका वाक्यावर त्यांचा मुलगा काढत होता आणि त्यांना ते आज पहिल्यांदा भेटलं होतं; काकूंनी तेवढं एक त्यांच्यापर्यंत कधी पोचू दिलं नव्हतं. त्यांनी पन्हं उचललं, न पिता परत ठेवलं आणि म्हणाले, "बोलाव त्याले."

फोनवर मी नंदूदादाला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की हात पूर्ण वेळ ठेवायचे का गं? मी म्हटलं, पूर्ण वेळ. मग म्हणाला, तिकीट काढतो.

तो रविवारी आला. दुपारची वेळ होती, मी काकांकडे वरण गरम करत होते. दोघं खोलीत समोरासमोर बसले आणि सुरुवात कशी करायची ते दोघांनाही कळेना. नंदूदादा पन्नाशीला आला आहे, केस पांढरे झाले आहेत, वाऱ्यानं उडावेत इतके राहिलेले नाहीत. शेवटी काकांनीच त्याला खुणेनं जवळ बोलावलं, पलंगावर आपल्यापुढे पाठमोरं बसवलं आणि आपला उजवा तळहात त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, सपाट ठेवला.

"म्हण," ते म्हणाले.

नंदूदादा म्हणाला. हळू आवाजात, पंप नाही, पेटी नाही. आवाज आता जरा जाड झाला आहे, वरच्या सुराला कष्ट पडतात. मी स्वयंपाकघराच्या दारात चमचा हातात धरून उभी होते. उत्तर देऊ नकोस, नुसती जवळ बसून राहा, असं तो म्हणत होता आणि काका डोळे मिटून बसले होते. टर्बाइनच्या झाकणाजवळ उभे असायचे तसेच, मान किंचित कललेली.

मग ती जागा आली. नंदूदादा थांबला.

इतकी वर्षं लग्नांतून, हॉलांतून गाताना त्या थांबण्याची लांबी कमी होत गेली आहे. लोक तेवढं थांबत नाहीत. त्यांना वाटतं, गाणारा विसरला, आणि ते टाळ्या वाजवून टाकतात. त्यामुळे नंदूदादानं सवयीनं लवकरच पुढचा श्वास घेतला. त्याची पाठ फुगलेली मला दारातून दिसली. काकांनी दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि दाबला.

"थांब गा," ते म्हणाले. "अजून वाजून राहिला."

आम्ही तिघंही थांबलो.